सत्तावीस नंबरचा बिल्ला

कुलूपवाल्याने डोंगरावर माणूस टाकला आणि खाली येऊन घंटा वाजवली, असं आमच्याकडे कोणीही सांगेल. न विचारता सांगेल. दोन वर्षं झाली, तरी लोकांना ते सांगताना अजून चव येते. त्याच्या दुकानासमोर लाँड्री आहे, तिथे मी काउंटरवर बसते. कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक पावती खिशात घालता घालता मानेने पलीकडे खूण करतं. "हाच ना तो?" मी परवापरवापर्यंत म्हणायचे, "हो, हाच." खोटं आहे. माणूस डोंगरावर राहिला तो माझ्यामुळे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करत बसायला नको.

कुलूपवाल्याचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून तो कायम बसलेला. मागे भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, पुढे किल्ली कापायचं मशीन, आणि भुवयांवर पितळेचा कीस. त्याची बायको म्हणायची, हा माणूस झोपला की उशीवर सोनं सांडतं, पण विकायला गेलं तर कोणी घेत नाही. बोलायला कंजूष. कोणाच्या घराची किल्ली आहे, दुसरी कशाला हवी, असले प्रश्न त्याने आयुष्यात कधी विचारले नाहीत. किल्ली द्या, पाच मिनिटं थांबा, घेऊन जा. साठीला आला होता, पण पिंढऱ्या बघाव्यात तर तिशीतल्या माणसाच्या.

त्या पिंढऱ्या डोंगराने केल्या होत्या. आमचा पळणाऱ्यांचा क्लब त्यानेच आणखी दोघातिघांना धरून काढला. दरवर्षी थंडीच्या शेवटी शर्यत. शाळेच्या मैदानापासून सुरुवात, मग पाण्याच्या टाकीपर्यंत चढ, तिथून धारेवरून पलीकडच्या टोकाला, आणि दगडगोट्यांच्या उताराने पुन्हा खाली मैदानात. एकूण चौदा किलोमीटर. त्यातली सपाट म्हणावी अशी जागा म्हणजे मैदानच. तरुण पोरं पहिला नंबर यावा म्हणून जीव तोडून पळायची. कुलूपवाला मात्र मुद्दाम सगळ्यात शेवटी पळायचा. आमच्याकडे त्या जागेला 'शेपूट' म्हणायचे. शेपटाच्या मागे कोणी उरायचं नाही. कोणाचा पाय मुरगळला, कोणाचा दम तुटला, की त्याला घेऊनच शेपूट खाली येणार. हे काम त्याने बावीस वर्षं केलं. त्याला हवं असतं तर तो पहिल्या दहात आला असता. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "पहिल्या दहाला बघायला लोक असतात की."

बिल्लेही त्याचेच. पितळेचे गोल तुकडे कापून त्यावर नंबर ठोकलेले, वरच्या भोकात सेफ्टी पिन. ज्याचा जो नंबर तो कायमचा. मैदानाच्या कडेला आमची एक शेड होती, तिथे जुन्या कपाटाच्या दाराची फळी करून त्यावर हूक मारले होते. शर्यतीला निघताना आपला बिल्ला हुकावरून काढायचा, शर्टाला लावायचा. खाली आलं की परत टांगायचा. रिकामा हूक म्हणजे माणूस अजून वर. सगळ्यात शेवटी कुलूपवाला स्वतःचा एक नंबरचा बिल्ला टांगायचा, फळी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघायचा आणि घंटेचा एक टोला द्यायचा. तो टोला ऐकला की लोक घरी जायचे. नियम एकच होता, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

माझा नंबर एकेचाळीस. नवऱ्याशी पटेना, घर सोडून आले, तेव्हा गुडघ्यापेक्षा डोकं जास्त दुखायचं. कुलूपवाल्याने एक दिवस काउंटरवर येऊन म्हटलं, "बसून बसून कुजशील. रविवारी ये." गेले. कायम शेवटून दुसरी यायचे. मागे तो. चढावर माझा श्वास भात्यासारखा चालायचा आणि मागून त्याचा आवाज यायचा, "बोलू नको, मोज. चार पावलं आत, चार बाहेर." त्या माणसाने मला डोंगर चढवला म्हणण्यापेक्षा जगवलं म्हणणं खरं आहे. आणि मी त्याचे पांग कसे फेडले ते आता ऐका.

त्या वर्षी एकसष्ट जण होतो. सत्तावीस नंबर होता रेडिओचा. रेडिओ हे त्याचं टोपणनाव. गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचा, आणि तोंड चालू असल्याशिवाय त्याचे पाय चालत नसत. चढावर सगळ्यांचे जीव कंठाशी आलेले असताना हा शेजारच्याला सासऱ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगणार. शर्यत संपल्यावर शेडमध्ये चहा मिळायचा, त्या वेळी रेडिओचं स्टेशन जोरात लागलेलं असायचं. त्याची बायको हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसायची. ती म्हणायची, दिवसभर मी बोलते, घरी गेल्यावर हा बोलतो, आमच्या घरात ऐकणारं कोणीच नाही.

सुरुवातीला आभाळ स्वच्छ होतं. धारेवर पोचलो तोवर धुकं आलं. साधं नाही, स्वतःचे बूट दिसू नयेत असं. पुढच्यांचे आवाज ऐकू येत होते, मग तेही थांबले. उताराच्या दुसऱ्या वळणावर वाट अरुंद आहे. एका बाजूला दगडाची भिंत, दुसऱ्या बाजूला झुडपं आणि झुडपांखाली घळ. तिथे मला पायाखाली काहीतरी पिवळं दिसलं. बिल्ला. सत्तावीस नंबरचा. पिन उघडी.

मी वाकले आणि तो उचलला.

हे का केलं, ते लाँड्रीत काम केलेल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी लावलेली असते. जमिनीवर चिंधी पडलेली दिसली की काळजात धस्स होतं, कारण चिंधी गेली म्हणजे कपडा बेवारशी झाला. पडलेली दिसली की उचल, कपडा शोध, लाव, पिन बंद कर. एकोणीस वर्षं माझे हात हेच करत आलेत. मला वाटलं, रेडिओचा बिल्ला पळताना सुटला, तो पुढे गेला, खाली शोधत बसेल. एक क्षणही मनात आलं नाही की बिल्ला जिथे सुटला तिथेच माणूसही सुटला असेल. हाकसुद्धा मारली नाही. मारली असती तरी त्याला उत्तर देता आलं असतं की नाही, कोण जाणे. डोक्याला मार होता, त्या वेळी शुद्ध नसेलही.

कुलूपवाला माझ्या मागे पाच-सात मिनिटांवर होता. तो कायम जमिनीकडे बघत यायचा, कारण पडलेल्या माणसाच्या आधी पडलेली वस्तू दिसते, असं तोच आम्हाला शिकवायचा. तो बिल्ला वाटेवर राहिला असता तर तो थांबला असता. वाटेवरची एकमेव खूण मी उचलून खिशात घातली होती.

शेडमध्ये गर्दी होती. धुक्याने सगळे गारठलेले, जो तो चहाच्या पिंपाला चिकटलेला. मी फळीपाशी गेले, आधी सत्तावीस टांगला, मग एकेचाळीस. दोन्हींच्या पिना नीट बंद केल्या. कोणी बघितलं नाही. कुलूपवाला आला, त्याने एक नंबर टांगला, फळीवरून बोट फिरवलं. क्षणभर तो मान वर करून शेडमध्ये इकडेतिकडे बघत राहिला. मग त्याने टोला दिला. माझा पाय ठणकत होता, मी घरी जाऊन झोपले.

साडेचारला क्लबच्या पोरांनी घरोघरी जाऊन सगळ्यांना परत शेडमध्ये बोलावलं. रेडिओची बायको ड्युटी संपवून घरी गेली तर तो नव्हता. फोन, पाकीट, सगळं घरात. कुलूपवाला फळीसमोर उभा होता. त्याने एकेकाला विचारलं, "रेडिओला बिल्ला टांगताना कोणी बघितलं?" कोणी बघितलं नव्हतं. माझी पाळी आली. साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्याची बायको माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, "बिल्ला तर फळीवर आहे ना."

झालं. शब्द खरे होते, आणि त्यांच्याइतकं मोठं खोटं मी कधी बोलले नाही. मनाची समजूत घातली की तो बिल्ल्याशिवाय खाली आला असेल, कुठेतरी बसला असेल, रात्री येईल घरी, उगाच माझी शोभा कशाला. कुलूपवाला म्हणाला, "बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे." मग सगळे गावात पांगले. बसस्टँड, दवाखाने, गॅरेज, मित्रांची घरं, कालव्याचा काठ. अजून दीड तास उजेड होता. डोंगराकडे कोणी फिरकलं नाही.

सकाळी फटफटताच कुलूपवाला एकटा वर गेला आणि दुसऱ्या वळणाखालच्या घळीत त्याला रेडिओ सापडला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मार जीवघेणा नव्हता, थंडीने गेला, मध्यरात्रीनंतर कधीतरी. हातात झुडपाच्या फांद्या होत्या आणि नखं फुटली होती. म्हणजे शुद्ध आली होती.

तीन दिवस गावात एकच चर्चा. बिल्ला फळीवर, आणि माणूस घळीत. मग तो खाली येऊन परत वर गेला असणार. कशाला? लोकांच्या जिभेला हाड नसतं. कोणी म्हणालं, कोणाला तरी भेटायला गेला असेल. कोणी म्हणालं, घरात भांडण होतं, जीव द्यायलाच गेला. भांडण खरंच झालं होतं. त्या सकाळी बायकोने त्याला म्हटलं होतं, "आलास काय, नाही आलास काय, मला सारखंच." हे तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. चौथ्या दिवशी ती शेडमध्ये आली आणि कुलूपवाल्यासमोर उभी राहिली. "मला एवढंच सांगा. तो परत वर गेला का?"

मी पिंपापाशी उभी होते. आता बोलायचं, असं ठरवून आले होते. तोंड उघडलंही.

कुलूपवाला म्हणाला, "नाही वहिनी. तो खाली आलाच नाही. बिल्ला वाटेत पडलेला मला सापडला. मी आणून टांगला, आणि साडेचारला बोललो नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग खाली बसली. कोणीतरी कुलूपवाल्याची कॉलर धरली. दुसऱ्या कोणी त्याच्या तोंडावर थुंकलं. त्याने बाहीने तोंड पुसलं. आणि मी तोंड मिटलं. ते दोन वर्षं मिटलेलंच ठेवलं.

त्याचा धंदा बसला. माणूस विसरणाऱ्याच्या हातात घराची किल्ली कोण देणार, असं लोक त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. त्याची बायको माहेरी जाऊन राहिली, ती आलीच नाही. शर्यत बंद झाली. पण सगळ्यात वाईट रविवार. दर रविवारी सकाळी नऊला रेडिओची बायको यायची आणि जिन्याखालच्या त्या दुकानासमोर उभी राहायची. बोलायची नाही. नुसती बघायची. ती आली की कुलूपवाला हातातलं काम ठेवून उठायचा, दुकानात सरळ उभं राहता येत नाही म्हणून बाहेर पायरीवर यायचा आणि ती जाईपर्यंत तिच्यासमोर उभा राहायचा. पाच मिनिटं, कधी दहा. मी काउंटरवर बसून शर्टांच्या घड्या घालायचे.

यंदा शर्यत पुन्हा सुरू करायचं ठरलं. क्लबचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर आहे. त्याने एक कागद फिरवला. कुलूपवाल्याने शर्यतीला येऊ नये, मैदानाच्या आसपासही थांबू नये. खाली सगळ्यांच्या सह्या. कागद माझ्या काउंटरवर आला. गिऱ्हाईक उभं होतं, सेक्रेटरीचा माणूस घाईत होता. मी सही केली. नंबरासकट. कागद गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशावर सही केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीच किळस आली. आधी भीती वाटायची, लाज वाटायची. किळस आली नव्हती.

दुपारी दुकानाचं शटर अर्धवट ओढून मी रस्ता ओलांडला.

"दादा, तो बिल्ला मी टांगला होता."

तो किल्ली घासत होता. थांबला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याला शोधून खाली आणलं, त्याच दिवशी फळी बघितली. सगळे जण पिन उघडीच टांगतात. बंद पिना दोनच होत्या, एक तुझी, एक त्याची."

"मग बोलला का नाहीत? माझा गळा का नाही धरला?"

"तीन दिवस वाट बघितली. म्हटलं, तू बोलशील. चौथ्या दिवशी ती बाई समोर उभी राहिली. तिला उत्तर हवं होतं, आणि तुझ्याकडून ते निघेना. तो परत वर गेला, हे डोक्यात घेऊन ती जगली नसती."

"पण म्हणून तुम्ही स्वतःवर..."

"अर्धं माझंच होतं, बाई." त्याने किल्ली फुंकली. "घंटा देण्याआधी मी शेडमध्ये बघितलं होतं. रेडिओचा आवाज नव्हता. मला जाणवलं, आज एवढं शांत का? कान सांगत होते, माणूस आलेला नाही. मी म्हटलं, फळी भरली आहे ना. आणि टोला दिला. साडेचारला पण तेच. स्वतः केलेल्या फळीचा मला गर्व होता."

मी रडायला लागले. तो जरा रागावला. "इथे रडून काय उपयोग? मला सांगून काय झालं? मला माहीतच होतं. जिला माहीत नाही तिला सांग."

दोन वेळा तिच्या घरापर्यंत गेले, जिना चढले, बेल न वाजवता परत आले. मला स्वतःची खात्री नव्हती. म्हणून शुक्रवारी हॉस्पिटलात गेले आणि चौकशीच्या रांगेत उभी राहिले. पुढे नऊ माणसं होती, मागे तेवढीच जमली. रांगेतून काढता पाय घेता येत नाही. माझा नंबर आला. काचेला खाली अर्धगोल भोक आहे, तिथे वाकून बोलावं लागतं. तिने वर न बघता विचारलं, "कोणता वॉर्ड?"

मी वाकले आणि सांगितलं. बिल्ला कुठे सापडला, कसा उचलला, कसा टांगला, साडेचारला काय बोलले. चार-पाच वाक्यांत झालं सगळं. दोन वर्षं मला वाटत होतं की ते फार लांबलचक आहे.

तिने पेन खाली ठेवलं. "कुलूपवाला नव्हता?"

"नाही."

"साडेचारला तुम्हाला माहीत होतं?"

"हो. शंका होती. बोलले असते तर उजेडात सापडला असता."

मग ती अगदी हळू, खिडकीवर सगळ्यांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात."

हे मी विसरले होते. शपथेवर सांगते, विसरले होते. तिने म्हटलं आणि माझ्या तळव्याला तिच्या स्वेटरची लोकर लागली.

"हो," मी म्हटलं.

"व्हा बाजूला," ती म्हणाली. "मागे लोक आहेत."

सेक्रेटरीलाही मी लिहून दिलं. शनिवारी तो कुलूपवाल्याकडे गेला, बराच वेळ वाकून उभा होता. यंदा पुन्हा शेपूट तुम्हीच व्हा, असं म्हणाला असावा. कुलूपवाल्याने नकारार्थी मान हलवली आणि मशीन सुरू केलं, मग आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

रविवारी शर्यत होती. मी दुकान उघडलं. आठला मैदानाकडून आरडाओरडा ऐकू आला, सुटले असतील. कुलूपवाला जिन्याखाली बसून किल्ल्या कापत होता. नऊला रेडिओची बायको कोपऱ्यावर दिसली. नेहमीसारखी त्याच्या दुकानासमोर आली. तो उठून पायरीवर आला. तिने त्याच्याकडे बघितलं, काहीतरी म्हणाली, दोनच शब्द असतील, आणि त्याने तोंड फिरवलं. खांदे हलताना मला इथून दिसले. इतकी वर्षं त्याच्यापुढे पळाले, त्याला रडताना बघितलं नव्हतं.

मग ती वळली आणि रस्ता ओलांडून माझ्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली. बोलली नाही. मी हातातला शर्ट ठेवला आणि उठून उभी राहिले. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली.